शरीराची साक्ष आणि शब्दांची पत

देनी दिदेरो यांच्या १७४८ साली निनावी प्रसिद्ध झालेल्या 'ले बिझू अँदिस्क्रे' या कादंबरीत सुलतान मांगोगुलला एक जादूची अंगठी मिळते. ती ज्या स्त्रीकडे वळवावी तिचे गुह्यांग बोलू लागते. ते बोलेल ते खरे आणि तिचे तोंड बोलते ते संशयास्पद, हे कथेचे गृहीतक आहे. मिशेल फुको यांनी लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात (१९७६) या अंगठीचा रूपक म्हणून उपयोग केला. रूपक किती नेमके आहे ते पाहण्यासाठी प्रयोगशाळेत शिरावे लागते. समीक्षकाने तेथे बिचकण्याचे कारण नाही. तेथेही अखेर वाचनच चालते.

१९७५ मध्ये सिंचॅक आणि गीअर यांनी योनिभित्तिकेतील रक्ताभिसरण नोंदविणाऱ्या एका उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. टॅम्पॉनच्या आकाराच्या पारदर्शक नळीत एक प्रकाशस्रोत आणि परत येणारा प्रकाश टिपणारा संवेदक, एवढीच त्याची रचना. भित्तिकेतील रक्ताचे प्रमाण बदलले की परतणारा प्रकाश बदलतो आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर आलेखावर लाट उमटते. सहभागी स्त्री ते एकान्तात स्वतः बसविते, चित्रफिती पाहते आणि आपल्याला किती उत्तेजना जाणवली हे आकड्यात सांगते. अशा रीतीने एकाच अनुभवाच्या दोन संहिता तयार होतात: एक लाटांची, दुसरी शब्दांची.

या दोन संहितांमधील 'मेळ' हा पुढील संशोधनाचा कळीचा शब्द ठरला. मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १३२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा पुरुषांमध्ये हा सहसंबंध ०.६६, तर स्त्रियांमध्ये ०.२६ निघाला. त्याआधी २००५ मध्ये चिव्हर्स व बेली यांना आढळले होते की बोनोबो वानरांच्या समागमाची चित्रफीत पाहतानाही स्त्रियांचा आलेख काहीसा हलतो, त्या मात्र उत्तेजना जाणवल्याचे सांगत नाहीत. लोकप्रिय लेखनाने यातून झटपट अर्थ काढला: स्त्रीला आपल्याच शरीराची भाषा कळत नाही, किंवा कळूनही ती लपविते.

हा अर्थ आकड्यात नाही. तो वाचनपद्धतीत आहे. दोन संहिता जुळत नसतील तर लाटांची संहिता मूळ आणि शब्दांची संहिता तिचे सदोष भाषांतर, हा अग्रक्रम ठरविला कोणी? पुरुषांच्या मापनात परिघातील वाढ मिलिमीटरमध्ये मोजता येते. येथे लाटांच्या उंचीला निरपेक्ष एकक नाही. म्हणून एका स्त्रीची लाट दुसरीच्या लाटेशी थेट ताडून पाहणेही जोखमीचे असते. त्यातच संशोधकांची एक मान्यवर उपपत्ती अशी की, संभोगाचा नुसता संकेत मिळताच होणारे ओलसरपण ही इजा टाळण्याची प्रतिक्षिप्त पूर्वतयारी असावी, मग तो संभोग हवासा असो वा नकोसा. हे खरे असेल तर आलेखाच्या उभ्या अक्षाला 'उत्तेजना' असे नाव देण्याचा अधिकारच शंकास्पद ठरतो. चिव्हर्स यांनी स्वतः हा सावधपणा दाखविला आहे. त्यांच्या वाचकांनी तो पाळला नाही.

रसचर्चेत वाढलेल्या मराठी अभ्यासकाला ही अडचण अनोळखी वाटू नये. रोमांच, स्वेद, अश्रू ही शारीर चिन्हे आपल्या परंपरेनेही मांडली. पण एकटा अनुभाव कोणत्याही भावाशी नियत नसतो, आनंदाने येतात तसे डोळ्याच्या विकारानेही अश्रू येतात, हे अभिनवगुप्तांनी दाखवून दिले. विभावादींच्या संयोगावाचून चिन्ह मुके असते. प्रयोगशाळेने मात्र त्याच मुक्या चिन्हाला वक्ता केले आणि वक्तीला मुके.

हा वाद केवळ चिन्हमीमांसेचा नाही. बलात्काराच्या वेळी पीडितेच्या शरीरात अशी प्रतिक्रिया घडू शकते आणि तिच्यावरून संमती सिद्ध होत नाही, असे लेव्हिन व व्हान बेर्लो यांनी २००४ मध्ये मांडले. शरीराला स्त्रीविरुद्ध साक्षीला उभे करण्याची रीत आपल्याला उपकरणावाचूनही ठाऊक आहे. देसाईगंज पोलीस ठाण्यातील १९७२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना निर्दोष सोडताना तिच्या अंगावर जखमा नसणे हे प्रतिकार नसल्याचे गमक मानले. शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हे बक्षी, सरकार, केळकर आणि धगमवार या चौघा विधिअध्यापकांना १९७९ मध्ये खुले पत्र लिहून सांगावे लागले.

तथापि प्रयोगशाळेला सरसकट आरोपी करणे आळशीपणाचे होईल. एलेन लान आणि सहकाऱ्यांचा १९९४ मधील प्रयोग आपल्या शास्त्राच्या फार जवळचा आहे. त्यांनी स्त्रियांना दोन कामुक चित्रपटांतील दृश्ये दाखविली. एक पुरुषाने केलेला, दुसरा स्त्रीने. उपकरणावर दोहोंचा प्रतिसाद भरघोस आणि जवळपास सारखाच उमटला. स्त्रियांनी मात्र दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी अधिक उत्तेजना जाणवल्याचे सांगितले, आणि पहिल्याच्या वेळी लाज, अपराधभाव व किळस. कथन कोणाचे, नजर कोणाची, हे ज्या प्रश्नांसाठी आपण निवेदनमीमांसा उभी केली, त्यांचे उत्तर त्या नोंदींत होते; आणि ते होते लाटांत नव्हे, स्त्रियांनी दिलेल्या जबाबांत.