मुक्तद्वार महाविद्यालय आणि आकांक्षेचे शमन : बर्टन क्लार्क यांच्या सिद्धान्ताचे परीक्षण

अमेरिकेतील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज ही संस्था उच्च शिक्षणाच्या इतिहासात अनेक अर्थांनी अपूर्व आहे. तिचा प्रारंभ १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या औद्योगिक गावी झाला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या विचारविनिमयातून शालान्त विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण गावातच सुरू करण्यात आले. पहिल्या वर्गात अवघे सहा विद्यार्थी होते. या संस्थांना दीर्घकाळ 'ज्युनियर कॉलेज' म्हणत. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या वर्गांना रूढ झालेल्या त्याच नावाशी तिची गल्लत होता कामा नये, कारण तेथील शिक्षण शालान्त परीक्षेनंतरचे, पदवीच्या पूर्वार्धाचे असते. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव पुरस्कारिले आणि परिसरातील तरुणांना व कामगारांना अल्प खर्चात सर्व प्रकारचे शिक्षण देणे हे तिचे कार्य ठरविले.

या संस्थेविषयी जे लेखन झाले, त्यात बर्टन क्लार्क यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या 'द ओपन डोअर कॉलेज' या ग्रंथाचे स्थान विशेष आहे. त्याच वर्षी 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी' या नियतकालिकात त्यांनी मांडलेला आकांक्षाशमनाचा सिद्धान्त तर या विषयावरील पुढील बहुतेक चर्चेचा आधार ठरला. त्या सिद्धान्ताचे सामर्थ्य कशात आहे आणि त्याची मर्यादा कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१

क्लार्क यांनी अभ्यासासाठी कॅलिफोर्नियातील सान होजे येथील ज्युनियर कॉलेज निवडले. त्यांच्या निरीक्षणाचा गाभा असा : दार सर्वांस उघडे असल्यामुळे प्रवेश घेणारे बहुसंख्य विद्यार्थी आपण पुढे चार वर्षांच्या महाविद्यालयात जाणार असे नोंदवितात, परंतु प्रत्यक्षात जाणारे फार थोडे असतात. मधल्या या मोठ्या वर्गाला त्यांनी वरकरणी विद्यापीठाभिमुख, पण वस्तुतः येथेच थांबणारा वर्ग म्हटले. समाज सर्वांना महत्त्वाकांक्षेची दीक्षा देतो, परंतु वरच्या जागा मर्यादित ठेवतो. या विसंगतीचा भार कोणीतरी वाहिला पाहिजे, आणि क्लार्क यांच्या मते तो कम्युनिटी कॉलेज वाहते.

हे कार्य कसे घडते याचे त्यांचे वर्णन मार्मिक आहे. प्रथम प्रवेशपूर्व चाचणी, मग मार्गदर्शकाची मुलाखत, नंतर स्वतःच्या पात्रतेचा विचार करावयास लावणारा एक सक्तीचा अभ्यासक्रम, मग असमाधानकारक प्रगतीच्या सूचना आणि शेवटी परिवीक्षा, अशा पायऱ्यांनी विद्यार्थी आपला बेत हळूहळू बदलतो. त्याला कोणी हाकलून देत नाही. गुणपत्रके व चाचण्या यांचा पुरावा त्याच्यासमोर साचत जातो, धीर देणारा मार्गदर्शक जवळ असतो, आणि अभियंता होण्याऐवजी तंत्रसहायक होण्याचा पर्याय सन्मानाने पुढे ठेवला जातो. या प्रक्रियेचे नाव क्लार्क यांनी अर्व्हिंग गॉफमन यांच्या १९५२ सालच्या एका निबंधातून घेतले. ठकबाजांच्या टोळीने एखाद्यास लुबाडल्यावर त्याने आरडाओरडा करू नये म्हणून टोळीतील एक जण मागे राहून त्याची समजूत घालतो, अशा व्यवहाराचे विश्लेषण गॉफमन यांनी त्यात केले होते.

२

या वर्णनाचे मोल नाकारता येत नाही. त्यापूर्वीचे या संस्थेविषयीचे लेखन बव्हंशी प्रशस्तिपर होते. 'दार उघडे आहे' या घोषणेपाशी न थांबता दाराच्या आत काय घडते हे पाहण्याची दृष्टी क्लार्क यांनी दिली. ग्रंथाचा काळही अर्थपूर्ण आहे. १९६० सालच्याच कॅलिफोर्निया बृहद्‌योजनेने शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरचा एक अष्टमांश भाग विद्यापीठासाठी आणि वरचा एक तृतीयांश राज्य महाविद्यालयांसाठी पात्र ठरवून इतर सर्वांसाठी ज्युनियर कॉलेजचे दार मोकळे ठेवले. वरील दोन दारे अरुंद ठेवण्यासाठी तिसरे दार रुंद ठेवणे आवश्यक होते, हे क्लार्क यांच्या विवेचनामुळे स्पष्ट होते.

तथापि वर्णन आणि स्पष्टीकरण यांत भेद आहे. क्लार्क यांनी प्रक्रिया दाखविली, पण ज्या पुराव्याच्या बळावर विद्यार्थ्यास नकार दिला जातो तो पुरावा खरा आहे, हे गृहीत धरले. चाचणीत कमी गुण म्हणजे कमी पात्रता हे समीकरण त्यांनी तपासले नाही. त्यामुळे प्रश्न एवढाच उरला की, अपात्र विद्यार्थ्याला सौम्यपणे कसे वळवावे. तो अपात्र आहे हे कोणी व कसे ठरविले, हा अगोदरचा प्रश्न अनुत्तरित राहिला.

क्लार्क यांच्याच एका निरीक्षणाने हा दोष अधिक गंभीर होतो. हे कार्य यशस्वी व्हावयाचे तर ते लोकांच्या नजरेआड राहिले पाहिजे, कारण तसे न झाल्यास विद्यार्थी आरंभीच सावध होईल, असे त्यांनी म्हटले आहे. करांतून चालणाऱ्या सार्वजनिक संस्थेचे एखादे कार्य गुप्ततेवर अवलंबून असेल, तर त्याची कसोटी अधिकच कठोर असावयास हवी. क्लार्क यांनी मात्र हा पेच नोंदवून सोडून दिला. १९८० साली त्यांनी या विषयाकडे पुन्हा वळून निवडक प्रवेश, उघड अनुत्तीर्णता, सर्वांस पदवीची हमी इत्यादी पर्यायांची छाननी केली आणि आकांक्षाशमन त्यांपेक्षा बरे, असाच निष्कर्ष काढला. मूळ गृहीत तसेच राहिले.

३

पुढील टीकेने एक बाजू पुढे आणली. स्टीव्हन ब्रिन्ट आणि जेरोम काराबेल यांनी १९८९ सालच्या 'द डायव्हर्टेड ड्रीम' या ग्रंथात असे दाखविले की, व्यावसायिक शिक्षणाकडील वळण विद्यार्थ्यांच्या मागणीतून आले नाही. विद्यापीठांच्या छायेत आपले स्वतंत्र स्थान शोधणाऱ्या संस्थाचालकांनी ते दीर्घकाळ पुरस्कारिले होते. परंतु व्यावसायिक शिक्षण म्हणजे दुय्यम सांत्वन, ही क्लार्क यांची कल्पना या टीकेतही बरीचशी कायम राहते. ती सर्वत्र टिकत नाही. मिल्ड्रेड मॉन्टॅग यांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली सुरू झालेल्या प्रयोगातून ज्युनियर कॉलेजात परिचारिकांचे दोन वर्षांचे शिक्षण रूढ झाले. असे शिक्षण घेतलेली परिचारिका आणि चार वर्षांची पदवी घेतलेली परिचारिका एकच परवाना परीक्षा देतात. येथे व्यवसायाचा मार्ग आकांक्षेचा अंत करीत नाही, तिला आकार देतो. परिसरातील रुग्णालये आणि कारखाने यांना लागणारे कुशल मनुष्यबळ ज्या संस्थेतून येते, तिचे मोजमाप केवळ विद्यापीठात गेलेल्यांच्या संख्येने करणे अपुरे आहे.

मूळ गृहीताची परीक्षा मात्र अलीकडच्या अनुभवाने झाली. न्यूयॉर्क नगर विद्यापीठाने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक योजना सुरू केली. पूर्णवेळ अभ्यासाची अट, निकट मार्गदर्शन, शुल्कातील तूट भरून काढणे, पाठ्यपुस्तकांस साहाय्य आणि प्रवासाचा विनामूल्य पास ही तिची अंगे होत. उपचारात्मक वर्गाची गरज असलेल्या अल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांची यदृच्छया विभागणी करून तिची परीक्षा घेण्यात आली. तीन वर्षांत योजनेतील सुमारे ४० टक्के विद्यार्थी पदवीस पोहोचले. योजनेबाहेरील गटात हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून, विद्यार्थ्यास उपचारात्मक वर्गात ढकलण्यापूर्वी त्याची शालेय कामगिरी विचारात घेण्याचे बंधन घातले. केवळ चाचणीवर विसंबून अनेकांस विनाकारण मागे ठेवले जात होते, ही जाणीव त्यामागे होती. अर्थात् पहिली पायरी, जिला क्लार्क यांनी वस्तुनिष्ठ पुरावा मानले होते, तीच सदोष ठरली.

या पुराव्याचा अर्थ अतिव्याप्त करू नये. ४० टक्के उत्तीर्ण होतात याचा अर्थ ६० टक्के त्या मुदतीत होत नाहीत. प्रत्येक आकांक्षा सफल होईल असे कोणतीही व्यवस्था म्हणू शकणार नाही. परंतु जे अपयश विद्यार्थ्याच्या बुद्धीचे मानले गेले, त्यातील मोठा भाग बसभाड्याचा, पुस्तकांचा आणि सल्ल्याच्या अभावाचा होता, एवढे निश्चित. ज्यास क्लार्क यांनी शमन म्हटले, ते अनेकांच्या बाबतीत अकाली विझविणे होते.

४

भारतीय अभ्यासकास हा वाद परका नाही. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली या धर्तीची संस्था काढली आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजांची योजना आखली. नाव आणि आराखडा आयात करता येतो. त्यासोबत त्यातील गृहीतही नकळत येते, हा धोका लक्षात घेतला पाहिजे. मुक्त प्रवेश देणाऱ्या कोणत्याही संस्थेचा अभ्यास करताना किती आले आणि किती गेले एवढ्या गणनेने भागत नाही. विद्यार्थ्याने बेत कोणत्या क्षणी बदलला, कोणाच्या सांगण्यावरून बदलला, आणि त्यावेळी त्याच्यासमोर ठेवलेला पुरावा कितपत विश्वसनीय होता, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंची उत्तरे शोधण्याची रीत क्लार्क यांनी घालून दिली, हे त्यांचे ऋण आहे. तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि त्यामुळेच त्यांचा सिद्धान्त वर्णन म्हणून समर्थ असूनही न्याय म्हणून अपुरा राहतो.