'अक्करमाशी'तील दादा : रक्त, भाकर आणि नाव

शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' हे आत्मकथन १९८४ साली प्रसिद्ध झाले. बारा माशांचा एक तोळा. त्यात एक मासा कमी पडला की ते अक्करमाशी. शुद्धतेचे हे सोनाराचे माप समाज माणसाला लावतो, तेव्हा काय घडते, हा या आत्मकथनाचा विषय आहे. आई मसामाय महार, बाप हणमंता लिंबाळे लिंगायत पाटील. मुलगा मात्र कोणाचाच नाही.

या पुस्तकावरील चर्चा बहुधा आई-बापाच्या जातीभोवतीच फिरते. महमूद दस्तगीर जमादार ऊर्फ दादा या व्यक्तिरेखेकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरच्या स्टँडवर हमाली करणारे दादा आजी संतामायसोबत राहतात आणि रक्ताचे नाते नसलेल्या या मुलाला जीव लावतात. ज्याचे रक्त, तो बाप दूर. ज्याची भाकर, तो माणूस धर्माने मुसलमान. वर्गात शिकवताना दादांना 'हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक' म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळावा. दादा आणि संतामाय यांना कोणत्याही आदर्शाने नव्हे, तर गरिबीने आणि माणुसकीच्या ओढीने एकत्र आणले आहे. लेखकही त्यांचा गौरव करत बसत नाही. ती माणसे जशी होती तशी समोर ठेवतो.

परंतु या मायेलाही मर्यादा आहे. शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव लागते, भाकर देणाऱ्याचे नाही. मास्तरांनी हणमंताचे नाव लिहिले, तेव्हा त्यानेच त्याला विरोध केला. जन्म दिला पण नाव नाकारले, आणि ज्याने वाढवले त्याला नाव देता आले नाही. या पेचातच आत्मकथनाचे खरे सामर्थ्य आहे.

एक उणीव मात्र नमूद करावी लागते. दादांचे स्वतःचे मन, आपल्या समाजापासून दूर राहण्याची त्यांनी मोजलेली किंमत वाचकापर्यंत पुरेशी पोहोचत नाही. मसामायबाबतही असेच म्हणता येईल. दोघेही मुलाच्या प्रश्नाच्या उजेडातच दिसतात.

पुढे 'सनातन' या कादंबरीसाठी लिंबाळे यांना २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. तरीही त्यांच्या लेखनाचा मूळ प्रश्न 'अक्करमाशी'तच आहे. दाखल्यावरील नाव रोज हाताळणाऱ्या शिक्षकाने तो टाळू नये.