रक्ताचा रंग आणि खेळाचे नियम

शिक्षक-पालकांच्या सभेत व्हिडिओ गेमचा विषय निघाला की बहुधा दोनच मते ऐकू येतात. एक, या खेळांनी मुले बिघडतात. दुसरे, खेळ तो खेळ, त्याचे एवढे काय मनावर घ्यायचे? दोन्ही मतांत एक साम्य आहे. खेळ आतून कसा रचला आहे, हे पाहण्याची गरज दोघांनाही वाटत नाही. अशा टीकेतून खेळ बनवणारे काय शिकतात? अमेरिकेतील दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून आम्ही हे तपासले.

'मॉर्टल कॉम्बॅट' हा मारामारीचा खेळ १९९२ मध्ये नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर आला. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला शेवटी क्रूरपणे ठार करण्याची सोय त्यात होती. १९९३ मध्ये घरगुती यंत्रांसाठी त्याच्या आवृत्त्या निघाल्या. निन्टेंडोच्या आवृत्तीत लाल रक्ताऐवजी घामासारखे करडे थेंब दाखवले होते. सेगाच्या आवृत्तीत बटणे ठराविक क्रमाने दाबली की रक्त दिसे. खप सेगाचा जास्त झाला. त्याच डिसेंबरात जोसेफ लीबरमन आणि हर्ब कोल या सिनेटरांनी या विषयावर सुनावणी घेतली. सरकारी कायदा टाळण्यासाठी १९९४ मध्ये उद्योगाने वयोगटानुसार वर्गवारी करणारे आपलेच मंडळ स्थापन केले. खोक्यावर शिक्का आला आणि त्याच वर्षी निन्टेंडोवर आलेल्या 'मॉर्टल कॉम्बॅट'च्या दुसऱ्या भागात रक्त पुन्हा लाल झाले!

शिक्का निरुपयोगी नव्हे, पालकांना तो उपयोगी पडतो. पण या टीकेचा सगळा रोख 'किती दाखवावे' यावर होता. खेळ कशाबद्दल गुण देतो, कोणाला हालचाल करू देतो, हे प्रश्न बाजूलाच राहिले. शिवाय तिचा पायाही डळमळीत होता. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केले, की हिंसक खेळांचा आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी लहानसा संबंध आढळतो, मात्र या खेळांमुळे प्रत्यक्ष हिंसाचार घडतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही.

दुसरे उदाहरण अनिता सार्कीझियन या समीक्षिकेचे. खेळांतील स्त्री-पात्रांवर चित्रफिती करण्यासाठी तिने २०१२ मध्ये लोकांकडे ६ हजार डॉलर मागितले. जमले जवळजवळ १ लाख ५९ हजार. पहिली चित्रफीत मार्च २०१३ मध्ये आली. मुले बिघडतात की नाही, या वादात ती अडकली नाही. तिने रचना पाहिली. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये आणि १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये स्त्री पळवली जाते, नायक तिला सोडवतो. खेळणाऱ्याच्या हाती नायकाची बटणे असतात. स्त्रीला मात्र बटणच नाही. हीच रचना पुढे किती खेळांत आली, हे तिने एकामागून एक उदाहरणे देऊन दाखवले. याची तिला जबर किंमत मोजावी लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा राज्यातील विद्यापीठात हत्याकांडाची धमकी आल्यावर तिला व्याख्यान रद्द करावे लागले, कारण तेथील कायद्यामुळे सभागृहात बंदुका आणण्यास मनाई करता येत नव्हती.

तिची मांडणी निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. 'हिटमॅन: अॅब्सोल्यूशन' या २०१२ च्या खेळात नर्तकींना मारता येते, हे तिने दाखवले. पण निरपराधांना मारले तर तो खेळ गुण कापतो. खेळात काय करता येते आणि खेळ कशाबद्दल बक्षीस देतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही सांगायला हव्या होत्या. तरीही हा आक्षेप नियमांविषयीचा आहे. वाद नियमांवर आला, हेच तिच्या टीकेचे यश.

निर्मात्यांवर परिणाम झाला का? 'द लास्ट ऑफ अस'चे दिग्दर्शक नील ड्रकमन यांनी तिचा प्रभाव उघडपणे मान्य केला आहे. जून २०१४ मध्ये युबिसॉफ्ट कंपनीने 'असॅसिन्स क्रीड युनिटी'त स्त्री-पात्र का नाही याचे कारण दिले, की हालचालींचे काम फार वाढले असते. टीकेची झोड उठली. हे काम एक-दोन दिवसांचे आहे, असे त्याच मालिकेवर पूर्वी काम केलेल्या एका अॅनिमेटरने जाहीरपणे सांगितले. २०१५ च्या भागात भावाबरोबर बहीणही नायिका म्हणून आली आणि २०१८ च्या भागात नायक की नायिका, ही निवड खेळणाऱ्याकडे आली. अर्थात असे खेळ बनायला वर्षे लागतात, आणि एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळेच घडली, असे म्हणायला आम्ही कचरतो. पण 'जमत नाही' हे उत्तर त्यानंतर पुरेसे राहिले नाही, एवढे नक्की.

शिक्षकांना यातून एक उपक्रम करता येईल. मुलांना आवडता खेळ निवडू द्या आणि चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहू द्या. हालचाल कोण करू शकते? कोणाची फक्त सुटका होते? गुण कशाचे मिळतात, कशाचे कापले जातात? थांबायचे ठरवले तर खेळ थांबू देतो का? मग यांतला एकच नियम बदलून खेळ कसा होईल, ते मांडायला सांगा. नियम मुलांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात, तेव्हा आपण ऐकायची तयारी ठेवावी. 'हे सगळे वाईटच' असा निकाल आधीच दिला, तर मुले वही मिटतील आणि खेळ आपल्यापासून लपवतील.

युबिसॉफ्टने २००८ मध्ये पुण्यात स्टुडिओ सुरू केला. आपल्या वर्गातील एखादी मुलगी उद्या अशा ठिकाणी नियम लिहायला बसेल, तेव्हा हे प्रश्न तिने आधी विचारलेले असावेत.