किनाऱ्यावरील प्रेते आणि उत्पत्तिकथेचा तर्क

१

पैनगंगेच्या उत्तरेकडील गावांना, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, उमरखेड, आर्णी या भागाला, परशुराम प्रथम भेटतो तो बापाचे प्रेत खांद्यावर वाहणारा मुलगा म्हणून. नदीपलीकडे माहूर आहे. सहस्रार्जुनाच्या पुत्रांनी जमदग्नीचा वध केल्यावर परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात पित्याचे कलेवर ठेवले, दुसऱ्यात रेणुकेला बसविले आणि ज्या भूमीवर पूर्वी कोणाचेही दहन झालेले नाही अशा ‘कोऱ्या भूमी’च्या शोधात तो निघाला. ती भूमी त्याला माहूरगडावर सापडली. दत्तात्रेयांनी आचार्यत्व केले, बाणाने मातृतीर्थ निर्माण झाले, रेणुका सहगमन करून गेली. पुढे शोकाकुल पुत्राला मातेचे पुनर्दर्शन व्हावयाचे होते. परंतु मागे वळून पाहू नये ही अट त्याने मोडली आणि भूमीतून केवळ मुखच वर आले. माहूरला आज पूजा होते ती त्या मुखाची.

हाच परशुराम सह्याद्रीच्या पश्चिमेस दुसरी चिता रचतो. तेथील भूमीही कोरीच आहे. समुद्र मागे हटवून ती त्याने मिळविलेली आहे. मात्र या चितेवर चढणारे देह त्याच्या कोणीही लागत नाहीत. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेली ती चौदा अनोळखी प्रेते आहेत. परशुराम त्यांना अग्नीने पावन करतो, सजीव करतो, आणि ती चित्पावनांचे पूर्वज ठरतात. माहूरच्या चितेपाशी मृताला नाव आहे, शोक करणारा आहे, तीर्थ आहे. कोकणच्या चितेपाशी यांतले काहीच नाही. आहे तो फक्त पुढे होणारा वंश. या दुसऱ्या कथेवर गेल्या दोन शतकांत पुष्कळ तर्क लढविले गेले. ते देह कोठून आले असावेत, याविषयीच्या त्या तर्कांची उजळणी करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. किनाऱ्याला लागलेल्या अनोळखी देहाविषयी आपण कोणता प्रश्न विचारतो आणि कोणता विचारीतच नाही, हे त्या तर्कांच्या आधारे तपासावे, एवढाच हेतू आहे.

२

प्रथम संहितेचा प्रश्न. ही कथा ‘सह्याद्रिखंडा’त आहे असे सर्रास सांगितले जाते. स्कंदपुराणाचा भाग म्हणून मिरविणारा हा ग्रंथ गेर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली मुंबईत छापून प्रसिद्ध केला. त्यातील चित्पावनोत्पत्तीचा भाग वाचू लागले की वाचकाला थबकावे लागते. श्राद्ध व यज्ञ यांसाठी परशुरामाने ब्राह्मणांना निमंत्रण दिले, पण कोणी आले नाही. प्रातःकाळी तो समुद्रस्नानास गेला असता चितास्थानी अकस्मात आलेले काही पुरुष त्याला दिसले. त्यांची जात कोणती, धर्म कोणता, वास्तव्य कोठे, असे त्याने विचारले. आपण जातीने कैवर्तक, म्हणजे मासेमार, असून समुद्रतीरी राहतो आणि व्याधाचा धर्म पाळतो, असे उत्तर त्यांनी दिले. परशुरामाने त्यांची साठ कुळे पवित्र केली व त्यांना चौदा गोत्रे दिली.

येथे वाहून आलेली प्रेते नाहीत. चिता आहे, परंतु तिच्यापाशी उभी असलेली माणसे जिवंत आहेत, बोलतात आणि स्वतःची ओळख स्वतः सांगतात. चौदा प्रेतांची कथा मौखिक परंपरेत व इंग्रजी अमदानीतील लेखनात दृढ झालेली आहे. ही दोन रूपे चर्चेत नेहमी एकमेकांत मिसळली जातात. ती वेगळी केल्यावाचून या कथेचा अर्थ हाती लागत नाही.

दोन रूपांमधील फरक नीट पाहू. छापील संहितेत परशुरामाच्या प्रश्नाला उत्तर मिळते, आणि ते उत्तर जातीचे असते. कथेची बोच त्यातच आहे. मासेमाराला हीन मानणाऱ्या समाजातच ही कथा निंदा म्हणून वापरता येते, आणि ती तशी वापरली गेलीही. दुसऱ्या बाजीरावाने या ग्रंथाची प्रत बाळगल्याबद्दल वाईच्या एका प्रतिष्ठित ब्राह्मणाची अप्रतिष्ठा केली, अशी नोंद ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात केली आहे. मौखिक रूपात मात्र जातीचा प्रश्न विचारताच येत नाही, कारण प्रेत उत्तर देत नाही. समुद्राने त्याची वस्त्रे नेली, चेहरा नेला. त्यांबरोबर जातही नेली. त्या अर्थाने प्रेत हा कैवर्तकाला सोयीचा पर्याय आहे. प्रेताचा विटाळ अग्नीने जातो. मासेमाराचे मासेमारपण जावे यासाठी मात्र तो आधी मेलेला असावा लागतो.

आकड्याचेही असेच आहे. प्रेते चौदाच का? समुद्र मोजून देह टाकीत नाही. चौदा हा आकडा चित्पावनांच्या गोत्रांचा आहे, हे ध्यानात घेतले की उलगडा होतो. जितकी गोत्रे हवीत तितकीच प्रेते किनाऱ्यावर आली. वर्तमानातील गोत्रावळीला पुरे पडेल अशा बेताने भूतकाळ सिद्ध केला गेला आहे. उत्पत्तिकथेचा तर्क असा नेहमी उलट्या दिशेने चालतो. तिच्या निवेदनात पूर्वज आधी आणि वंशज नंतर येतात. रचनेत वंशज आधी असतात.

३

या कथेच्या नंतरच्या वाचनांनी प्रेतांचे काय केले? एक मार्ग व्युत्पत्तीचा. ‘चिता’ऐवजी ‘चित्त’ वाचले की चित्पावन म्हणजे चित्ताने पावन झालेले असा अर्थ निघतो आणि प्रेते एका अक्षराच्या फेरात नाहीशी होतात. नावाचा संबंध चिपळूणशी जोडला तरी परिणाम तोच. नाव स्थलवाचक झाले की चितेची गरज उरत नाही. या व्युत्पत्तींची सत्यासत्यता भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावी. समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय हे की देह दृष्टीआड करणे हेच दोन्ही व्युत्पत्तींचे कार्य आहे.

दुसरा मार्ग मिथकाच्या इतिहासीकरणाचा. प्रेते म्हणजे गलबत फुटून किनाऱ्याला लागलेले अर्धमेले परदेशी खलाशी होत, असे मानावयाचे. मग गौर वर्ण, घारे डोळे यांचा दाखला देऊन ते इराणी, ज्यू, मिसरी की आणखी कोणी, हे ठरवावयाचे. वसाहतकालीन वंशशास्त्राला ही रीत विशेष प्रिय होती आणि आपल्याकडील सुशिक्षितांनीही ती उत्साहाने उचलली. या वाचनाचा आव विवेकवादी आहे. पण त्याने विचारलेला प्रश्न परशुरामाने कैवर्तकांना विचारला तोच आहे: तुमची जात कोणती? ‘जात’ या शब्दाच्या जागी ‘वंश’ हा शब्द आला, इतकेच.

या संदर्भात इरावती कर्वे यांचे उदाहरण उद्बोधक आहे. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ साली त्यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहिला. त्यानंतर बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांच्या असममितीचा अभ्यास केला. कवटीच्या ठेवणीतून वंशांची प्रतवारी लावता येईल अशी त्या संस्थेतील धारणा होती. कर्वे यांनी मोजमापे घेतली आणि असममितीचा वंशाशी संबंध आढळत नाही असा निष्कर्ष मांडला. हाडांना वंश विचारला असता त्यांनी तो सांगितला नाही. ज्या काळात किनाऱ्यावरील चौदा देहांना निरनिराळ्या खंडांत पाठविण्याचा उद्योग चालू होता, त्याच काळात त्याच समाजातील एका संशोधक स्त्रीने अवशेषांच्या मौनाचा हा मान राखला, ही गोष्ट आपल्या विचारेतिहासात नोंदली जावयास हवी.

येथे एक आक्षेप संभवतो. मिथक हा पोलिसांचा पंचनामा नव्हे. त्यातील प्रेत हे चिन्ह आहे. दीक्षाविधीत जुन्या देहाचा मृत्यू व नव्या देहाचा जन्म अभिप्रेत असतो, द्विजत्वाची कल्पनाही त्यावरच उभी आहे. तेव्हा समुद्रातून येऊन अग्नीतून उठणारा देह म्हणजे संस्काराचे रूपक होय. हा आक्षेप सयुक्तिक आहे आणि संरचनावादी वाचन त्याला आणखी बळ देईल: जल आणि अग्नी, अपक्व आणि पक्व, समुद्र आणि भूमी. परंतु रूपक म्हणून स्वीकारले तरी मूळ शंका उरतेच. दीक्षेत मरतो तोच पुन्हा जन्मतो. त्याचे पूर्वीचे नाव त्याला व इतरांना ठाऊक असते. येथे पूर्वीचे नाव कधी विचारलेच जात नाही. रूपकाला नुसते प्रेत चालत नाही, बेवारस प्रेतच लागते. ही निवड केवळ रूपकाच्या गरजेने झाली असे म्हणता येत नाही.

४

कोकणच्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगाव येथे, दुसरी एक कथा आहे. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत तेथे फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांची प्रेते किनाऱ्याला लागली. वाचलेल्यांनी आपल्या मृतांना तेथेच पुरले. ते पुढे तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणविले गेले आणि गावांच्या नावांवरून त्यांना मराठी आडनावे मिळाली. हाईम समुएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या व १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या इतिहासात ही परंपरा ग्रथित आहे. नवगावला त्या दफनभूमीवर आज स्मारक उभे आहे.

सात आणि सात मिळून चौदाच होतात. या जुळणीवरून दोन समाजांचे मूळ एक असल्याचा तर्क केला गेला आहे. मला ही जुळणी पुराव्याइतकी मोलाची वाटत नाही. दोन्ही कथांत आकडा वंशाची निकड भागवितो, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते. खरा अर्थ भेदात आहे. चित्पावनांच्या कथेत प्रेते उठतात व पूर्वज होतात. किनाऱ्यावर मृत असे कोणी उरत नाही. नवगावच्या कथेत पूर्वज वेगळे आणि मृत वेगळे. मृतांकडून वंशाला काहीही मिळालेले नाही, तरीही वंश त्यांना विसरलेला नाही. त्यांचीही नावे हरवली आहेत. जागा हरवलेली नाही. एक कथा मृतांचा उपयोग करते, दुसरी त्यांचे स्मरण करते. मिथकांचे मूल्यमापन ऐतिहासिक सत्यावर करता येत नाही, हे मान्य करूनही हा नैतिक भेद समीक्षेला करता येतो व तिने तो केला पाहिजे.

५

धर्मशास्त्राला या प्रश्नाची जाण होती. परदेशी मेलेल्या, देह न सापडलेल्या माणसासाठी पळसाच्या पानांची वा देठांची आकृती करून तिचे दहन करण्याचा विधी सांगितला आहे. पळसाच्या रानांत वाढलेल्या यवतमाळच्या माणसाला तो अपरिचित वाटू नये. तेथे नाव आहे आणि देह नाही. उलट देह आहे आणि नाव नाही, त्या अनाथ प्रेताला वाहून नेण्याचे पुण्य यज्ञाच्या तोलाचे मानले आहे. या पुण्याच्या बदल्यात प्रेताने कोणाचा पूर्वज व्हावे, अशी अट नाही.

या विवेचनाची कसोटी पाहावयाची तर ती आजच्या किनाऱ्यावर पाहावी. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते. सत्तराहून अधिक मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या दिवसांत रायगड जिल्ह्याच्या आणि गुजरातेतील वलसाडच्या किनाऱ्याला प्रेते लागू लागली. नवगावचा किनारा याच रायगड जिल्ह्यातला. कित्येक देह ओळखण्यापलीकडे गेले होते. तेव्हा नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए ताडून ओळख पटविण्यात आली. अकस्मात मृत्यूच्या नोंदीला आणि पंचनाम्याला कोणी साहित्य म्हणणार नाही. पण त्या रूक्ष मजकुराचा प्रश्न पाहा: उंची किती, अंगावर कपडे कोणते, गोंदण आहे काय, हा माणूस कोण? तेथेही आधार रक्तसंबंधाचाच घेतला गेला. फक्त त्याची दिशा पालटली. उत्पत्तिकथेत मृताच्या देहावरून जिवंतांना कूळ मिळते. येथे जिवंतांच्या रक्तावरून मृताला त्याचे नाव परत मिळाले.

चित्पावनोत्पत्तीच्या कथेवर यापुढेही लिहिले जाईल. ती निंदा की स्तुती, आर्ष की प्रक्षिप्त, हे वाद चालू राहतील आणि त्यांना त्यांचे स्थान आहे. मात्र चौदा देह कोठून आले हे विचारण्यापूर्वी ते कसे मेले, त्यांची वाट कोणी पाहत होते काय, हे विचारण्याचे आपल्याला का सुचले नाही, याचा शोध मिथकसमीक्षेने घ्यावयास हवा. तो शोध घेताना कोणा एका जातीकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. कूळ सांगून स्वतःला सिद्ध करणाऱ्या सर्वच समाजांच्या उत्पत्तिकथांना हा प्रश्न लागू आहे. माहूरच्या कथेत परशुरामाला हा प्रश्न पडला नाही, कारण कावडीत त्याचा बाप होता. किनाऱ्यावरही तो पडला नाही, कारण तेथे त्याचे कोणी नव्हते. या दुसऱ्या कारणाचे स्वरूप अजून आपल्या अभ्यासाचा विषय झालेले नाही.