गुणवत्तेची शिष्यवृत्ती की शुल्कातील सूट?

अमेरिकेतील खासगी महाविद्यालयात विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदवीसाठी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला प्रवेशपत्राबरोबर अनेकदा आणखी एक पत्र मिळते. आपल्या गुणवत्तेची दखल घेऊन चार वर्षांसाठी एकूण १,२०,००० डॉलरची शिष्यवृत्ती देण्यात येत आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यात असतो. घरी पेढे वाटले जातात, शाळेच्या फळ्यावर नाव लागते. बारावीनंतर थेट तिकडे जाणारे काही विद्यार्थी आता आपल्याकडेही आढळतात. त्यांचे पालक असे पत्र घेऊन शिक्षकांकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा काय सांगावे?

कौतुक जरूर करावे. पण आपण विज्ञानाचे शिक्षक आहोत. एखादी संख्या समोर आली की ती कशाची, कोणत्या अटीवर मोजलेली आणि कशाच्या तुलनेत मोठी, हे विचारण्याची सवय आपण मुलांना लावतो. तीच सवय या पत्राला लावून पाहू. तसे केले की लक्षात येते, की 'गुणवत्ता शिष्यवृत्ती' या नावाखाली जे दिले जाते ते पुष्कळदा बक्षीस नसून किमतीतील सूट असते. आणि या सुटीला जोडलेली अट विज्ञान शिकणाऱ्या मुलालाच सर्वांत जास्त जाचते.

छापील किंमत आणि खरी किंमत

शिकवणी शुल्क, वसतिगृह, जेवण, पुस्तके असा सारा खर्च धरला तर अमेरिकेतील अनेक नामवंत खासगी महाविद्यालयांचा वर्षाचा आकडा आज ९०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. ही झाली छापील किंमत. प्रत्यक्षात ती सगळेच भरत नाहीत. तेथील खासगी, ना-नफा महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या छापील शिकवणी शुल्कातील दर १०० डॉलरमागे सरासरीने ५० हून अधिक डॉलर महाविद्यालयच अनुदान म्हणून सोडून देते. यात गरजू विद्यार्थ्यांना दिलेली मदतही येते, हे खरे. तरीही ज्या दुकानात बहुतेक गिऱ्हाइकांना सूट मिळते, तेथे सूट मिळाली म्हणून आपण विशेष ठरलो असे समजणे धाडसाचे आहे.

महाविद्यालये असे का करतात, हे एका साध्या उदाहरणाने समजेल. समजा, शुल्क ६०,००० डॉलर आहे आणि वाटायला ४०,००० डॉलर आहेत. ही सर्व रक्कम एका गरीब विद्यार्थिनीला दिली तर तिच्याकडून २०,००० डॉलर मिळतील. तीच रक्कम १०,००० डॉलरप्रमाणे चार सधन विद्यार्थ्यांना वाटली आणि त्या 'सन्माना'मुळे ते चौघे दुसरीकडे न जाता येथे आले, तर प्रत्येकी ५०,००० प्रमाणे २,००,००० डॉलर मिळतील. शिवाय त्यांच्या चांगल्या गुणांमुळे महाविद्यालयाचे नावही वाढेल. हिशेब चोख आहे. पण त्यात त्या गरीब मुलीची जागा कुठे राहिली?

हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला होता. एमआयटी आणि आयव्ही लीगमधील आठ विद्यापीठे अनेक वर्षे एकत्र बसून, दोन-तीन ठिकाणी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची आर्थिक गरज एकमेकांशी ताडून पाहत. मदत गरजेनुसारच द्यायची, हुशारीसाठी वेगळी बोली लावायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. १९९१ साली अमेरिकी न्याय खात्याने याला स्पर्धाविरोधी संगनमत ठरवून खटला भरला. आयव्ही विद्यापीठांनी तडजोड केली, एमआयटी मात्र लढली. १९९२ मध्ये निकाल तिच्या विरुद्ध गेला, १९९३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो रद्द करून फेरविचारासाठी परत पाठवला आणि त्याच वर्षअखेर समझोता झाला. सरकारचे म्हणणे असे, की स्पर्धा झाली असती तर विद्यार्थ्यांना अधिक सवलत मिळाली असती. एमआयटीचे म्हणणे असे, की अशा स्पर्धेत मदतीचा पैसा ज्यांना गरज नाही त्यांच्याकडे वळेल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. एमआयटी आजही गुणवत्ता शिष्यवृत्ती देत नाही, गरजेनुसारच मदत देते. २०२५ च्या प्रवेशापासून वार्षिक उत्पन्न २,००,००० डॉलरच्या आत असलेल्या, सर्वसाधारण मालमत्तेच्या कुटुंबांना तेथे शिकवणी शुल्क पडत नाही. म्हणजे गुणवत्ता शिष्यवृत्तीचे पत्र आले नाही यावरून महाविद्यालय महाग आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

चार वर्षांचा हिशेब

आता पत्रातील १,२०,००० डॉलरकडे वळू. वर्षाला ३०,००० झाले. 'क' महाविद्यालयाचा पहिल्या वर्षाचा एकूण खर्च ९०,००० डॉलर धरू. म्हणजे भरायचे ६०,०००. पण खर्च दरवर्षी वाढतो आणि शिष्यवृत्ती बहुधा तेवढीच राहते. वाढ ४ टक्के धरली तर चौथ्या वर्षाचा खर्च सुमारे १,०१,२३८ डॉलर होतो आणि भरायची रक्कम ७१,२३८. तीन वर्षांत खर्च साडेबारा टक्क्यांनी वाढला, पण पालकांवरचा बोजा जवळजवळ पावणेएकोणीस टक्क्यांनी वाढला. वाढत्या राशीतून स्थिर राशी वजा केली की उरलेली राशी अधिक वेगाने वाढते, हे बीजगणित नववीच्या मुलालाही पटवून देता येईल.

शेजारी 'ख' महाविद्यालय घेऊ. तेथे शिष्यवृत्ती नाही, पण पहिल्या वर्षाचा खर्च ६५,००० डॉलरच आहे. वाढ तीच, ४ टक्के. चार वर्षांची बेरीज केली तर 'क'ला सुमारे २,६२,१८२ आणि 'ख'ला सुमारे २,७६,०२० डॉलर पडतात. 'क' १३,८३८ डॉलरनी स्वस्त. समजा, दोन वर्षांनंतर 'क'ची शिष्यवृत्ती बंद झाली. मग तिथला खर्च ६०,००० ने वाढून ३,२२,१८२ होतो आणि तेच महाविद्यालय ४६,००० डॉलरहून अधिक महाग पडते. म्हणजे दोन वर्षांनी शिष्यवृत्ती जाण्याची शक्यता १०० त २३ पेक्षा जास्त असेल, तर सरासरीने 'ख'च परवडते. हे आकडे आम्ही समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत. रीत मात्र कोणत्याही खऱ्या पत्राला लावता येते.

महाविद्यालयांनीच हा हिशेब स्पष्ट लिहून द्यायला नको का? अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने डिसेंबर २०२२ च्या अहवालात या पत्रांची झडती घेतली. निव्वळ खर्च किती, हे सुमारे ४१ टक्के महाविद्यालये सांगतच नाहीत आणि सुमारे ५० टक्के तो प्रत्यक्षाहून कमी दाखवतात, असे त्यात आढळले. काही पत्रांत कर्जाची रक्कमही 'मदती'च्या बेरजेत घातलेली असते. परत फेडायचा पैसा मदतीत मोजणे ही बेरजेची चूक नव्हे, ती नीतीची चूक आहे.

सरासरीची अट

शिष्यवृत्ती बंद का होते? बहुतेक ठिकाणी ती चालू राहण्यासाठी ठरावीक श्रेणी-सरासरी टिकवावी लागते. तेथे ए श्रेणीला ४, बी ला ३, सी ला २ असे अंक देऊन सरासरी काढतात. ३ च्या सरासरीची अट वरवर सौम्य वाटते. पण अमेरिकी महाविद्यालयांत भौतिकी, रसायन, गणित या विषयांत श्रेणी कडक, तर भाषा व मानव्य विषयांत सैल दिली जाते, हे तेथे सर्वांना ठाऊक आहे.

एक विद्यार्थिनी पाच समान वजनाचे विषय घेते. भौतिकीत २, कलनशास्त्रात ३, रसायनात २, इंग्रजीत ४, इतिहासात ४. बेरीज १५, सरासरी नेमकी ३. शिष्यवृत्ती वाचली. तिने इतिहासाऐवजी संगणकशास्त्र घेतले आणि त्यात ३ मिळवले तर बेरीज १४, सरासरी २.८. शिष्यवृत्ती गेली. दुसऱ्या खेपेस ती विज्ञान अधिक शिकली; दंड मात्र तिलाच झाला.

ही केवळ कल्पना नाही. जॉर्जिया राज्याने १९९३ साली लॉटरीच्या उत्पन्नातून 'होप' नावाची शिष्यवृत्ती सुरू केली. ती राज्यातील रहिवाशांना सरकारी तसेच खासगी महाविद्यालयांतही मिळते आणि टिकवण्यासाठी ३ ची सरासरी लागते. सुरुवातीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा होती. १९९५ पर्यंत तीही उठवण्यात आली. कॉर्नवेल, ली आणि मस्टर्ड या अर्थशास्त्रज्ञांनी जॉर्जिया विद्यापीठातील नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की या अटीमुळे विद्यार्थी पूर्ण भाराचे विषय घेण्याचे टाळतात आणि जड वाटलेला विषय मध्येच सोडतात. पुढे २०१५ साली स्योक्विस्ट आणि विंटर्स यांनी अनेक राज्यांतील अशा योजना पाहून दाखवले, की त्यांच्यामुळे विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण घटले. गुणवत्तेला उत्तेजन देणारी योजना अवघड विषयांपासून मुलांना दूर सारते, हा विरोधाभास शिक्षकांनी मनात ठेवण्यासारखा आहे.

जॉर्जियाने त्यावर उपायही केला. २०१७ पासून ठरावीक यादीतील विज्ञान-गणिताच्या विषयांत बी, सी किंवा डी मिळाल्यास होपची सरासरी काढताना अर्धा अंक अधिक धरतात. आपल्या विद्यार्थिनीचे चारही विज्ञान विषय त्या यादीत असतील तर २.५, ३.५, २.५, ३.५ आणि इंग्रजीचे ४ मिळून १६ होतात, सरासरी ३.२. मुलगी तीच, अभ्यास तोच. मोजपट्टी बदलताच नापात्राची पात्र झाली. सरासरी हे निसर्गाने दिलेले मूल्य नाही, माणसाने ठरवलेल्या वजनांचे ते फळ आहे, याचे याहून चांगले उदाहरण वर्गासाठी शोधून सापडणार नाही.

शाश्वती किती?

काही संस्थांनी गुणवत्तेची चढाओढच टाळून सर्वांना सारखे वागवले. न्यूयॉर्कची कूपर युनियन ही पीटर कूपर या उद्योगपतीने १८५९ साली स्थापलेली संस्था. तिच्या अभियांत्रिकी शाखेत अनेक दशके कोणालाच शिकवणी शुल्क नव्हते. मॅसॅच्युसेट्समधील ओलिन अभियांत्रिकी महाविद्यालयाची पहिली तुकडी २००२ साली आली, ती प्रत्येकाला पूर्ण शिकवणी शुल्काची शिष्यवृत्ती देऊन. पण ठेवींचे उत्पन्न आणि खर्च यांचा मेळ बसेना. ओलिनने २०१० पासून ही शिष्यवृत्ती निम्मी केली; कूपर युनियनने २०१४ पासून निम्मे शुल्क आकारायला सुरुवात केली. कूपर युनियन आता पुन्हा निःशुल्क होण्याच्या वाटेवर आहे आणि २०२४ मध्ये तिने शेवटच्या वर्षाचे शुल्क चार वर्षांपुरते माफ केले. या दोन संस्थांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण उदारपणाही ठेवींच्या व्याजावर उभा असतो, हे त्यांच्या इतिहासातून दिसते.

मग शिष्यवृत्ती नाकारावी काय? तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. गरजेच्या मोजमापात न बसणारे, पण पूर्ण खर्चही न झेपणारे मध्यमवर्गीय कुटुंब असते. त्याला हीच सूट तारून नेते. आमचा आक्षेप नावाला आणि अटीला आहे. सुटीला गुणवत्ता म्हटले की सूट न मिळालेली मुलगी स्वतःला कमी समजू लागते, आणि मिळालेला मुलगा पुढची चार वर्षे शिकण्याऐवजी सरासरी सांभाळत बसतो.

म्हणून पालक पत्र घेऊन आले, की शिक्षकांनी त्यांच्याबरोबर बसून पाच प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. चार वर्षांचा निव्वळ खर्च किती? शिष्यवृत्ती खर्चाबरोबर वाढते की स्थिर राहते? कोणती सरासरी टिकवावी लागते, आणि एकदा घसरल्यास सावरायला सत्र मिळते का? त्या शाखेतील किती विद्यार्थ्यांनी ती चौथ्या वर्षापर्यंत टिकवली? बेरजेत कर्ज किती? आपल्याकडच्या मुलांसाठी सहावा प्रश्नही आहे. त्यांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत मिळत नाही, आणि कर्ज रुपयांत काढून शुल्क डॉलरमध्ये भरायचे असते. रुपया घसरला तर काय, हेही विचारायला हवे.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर महाविद्यालयाला पत्र लिहून मागवावे. ते मिळाले तर हिशेब पुरा होईल. टाळाटाळ झाली तर तीही एक माहितीच आहे. ज्या मुलाला आपण प्रयोगवहीत न आवडलेले निरीक्षणही प्रामाणिकपणे नोंदवायला शिकवले, त्याने आयुष्यातील एवढा मोठा निर्णय पत्रावरील सोनेरी अक्षरांकडे पाहून घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.