फरीदा जलाल : हुकमी आई आणि मम्मो

फरीदा जलाल म्हटले की प्रेक्षकाला आई आठवते. कुणाची तरी आई. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' (१९९५) मधली लाजवंती, 'कुछ कुछ होता है' (१९९८) मधली राहुलची आई. हसरी, हळवी, पदराने डोळे टिपणारी. हा ठसा खोटा नाही, पण अपुरा आहे आणि तो या गुणी अभिनेत्रीवर अन्याय करणारा आहे असे आम्हाला वाटते.

१९६५ साली 'फिल्मफेअर'च्या पुढाकाराने नव्या चेहऱ्यांची जी स्पर्धा झाली, तिच्यातून राजेश खन्ना आले आणि फरीदा जलालही. 'आराधना' (१९६९) मध्ये दोघे एकत्र दिसले. पुढे एक सुपरस्टार झाला आणि दुसरीच्या वाट्याला नायकाची बहीण आली. 'पारस' (१९७१) मधल्या बहिणीला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. बक्षीसही मिळाले आणि शिक्काही बसला! 'बॉबी' (१९७३) मधली अलका, 'हिना' (१९९१) मधली बीबी गुल अशा भूमिका लक्षात राहतात, पण त्या कथेच्या कडेकडेने चालतात. छोट्या पडद्याने त्यांना जरा मोकळे केले. 'ये जो है जिंदगी', 'देख भाई देख' आणि नंतर 'शरारत' (२००३) मधली जादूगार नानी यांत त्यांची विनोदाची जाण घराघरात पोहोचली.

मात्र आमच्या लेखी या साऱ्या कारकिर्दीचे माप 'मम्मो' (१९९४) आहे. खालिद मोहम्मद यांनी आपल्याच घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईवरून ही कथा लिहिली, श्याम बेनेगलांनी पडद्यावर आणली. मेहमूदा बेगम ऊर्फ मम्मो मूळची पानिपतची. फाळणीने पाकिस्तानी ठरली. नवरा गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढले, म्हणून ती मुंबईला बहीण फय्याजीकडे येते. घरात फय्याजीचा नातू रियाज. हातात थोड्या मुदतीचा व्हिसा.

ही बाई अखंड बोलते. शेजाऱ्यांच्या भानगडीत पडते, नातवाला न विचारता सल्ले देते, रुसते, हसते. कुणी म्हणेल, ही तर तीच बोलघेवडी फरीदा जलाल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या माणसाला स्वतःचे घर उरलेले नाही, ते दुसऱ्याच्या घरात सतत उपयोगी पडू पाहते, गप्प बसायला भिते. मम्मोच्या बडबडीखाली ही भीती सारखी जाणवते. समोर सुरेखा सिक्रींची फय्याजी आहे, जिभेने कडक आणि आतून थकलेली. सिक्रींना या भूमिकेबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. पण त्यांचे मौन उठून दिसते ते मम्मोच्या बोलण्यामुळे, हे समीक्षकांनी म्हणावे तितके ठळकपणे म्हटले नाही.

भाषेविषयी बोलल्याशिवाय आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना राहवत नाही. आमच्या वर्गातली मुले 'फिल्मी उर्दू' म्हणजे हात कपाळाशी नेऊन केलेला आदाब आणि जड शब्द समजतात. मम्मोची उर्दू स्वयंपाकघरातली आहे. तलफ्फुज चोख, पण दाखवण्यासाठी नाही. नवाब, तवायफ आणि शेरवानी यांच्या पलीकडची साधी, भाड्याच्या घरातली मुसलमान बाई हिंदी पडद्यावर इतकी सहज क्वचितच बोलली असेल. ज्यांच्या घरी कराचीहून पत्रे येत आणि पाहुणा आला की पोलीस ठाण्यात नोंद करावी लागे, अशी कुटुंबे आमच्या कोकणात आणि मुंबईत थोडी नाहीत. त्यांना मम्मो वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पोलीस तिला गाडीत बसवून देतात तेव्हा बोलणारी बाई लहान मुलासारखी होते. आणि वीस वर्षांनी ती परत येते, तेव्हा इथे राहण्यासाठी एकच वाट उरते, ती म्हणजे कागदोपत्री मरण्याची. हा प्रसंग रडवा करणे सोपे होते. फरीदा जलाल तो खोडकरपणाने करतात, आणि म्हणूनच तो अधिक झोंबतो.

यानंतरही निर्मात्यांनी त्यांना आईच केले. ती त्यांनी मन लावून केली, हेही खरे. लाजवंती आपल्या मुलीला सांगते की, तुझ्या वाट्याला माझ्यासारखा त्याग येऊ देणार नाही असे मी ठरवले होते, पण बाईला तसे ठरवण्याचाही हक्क नसतो. त्या दोन-तीन मिनिटांत मम्मो डोकावते. बेनेगलांच्या 'झुबेदा' (२००१) मध्ये तर मम्मो स्वतःच पुन्हा भेटते, पण थोडा वेळच.

२०२४ साली 'हीरामंडी'त त्या कुदसिया बेगम झाल्या. उंची पोशाख, मोठी हवेली, उर्दू नेहमीप्रमाणे निर्दोष. मालिका पाहून झाल्यावर आम्ही 'मम्मो' पुन्हा लावला.