कर्णा आणि त्याचे संग्राहक

लाऊडस्पीकर आपल्याकडे आला तेव्हा लोकांनी त्याच्यासाठी नवे नाव शोधले नाही. नगारखान्यात चौघड्यासोबत वाजणाऱ्या कर्ण्याचेच नाव त्यांनी त्याच्या पत्र्याच्या तोंडाला दिले, आणि ते रूढ झाले. हे नामकरण शास्त्रालाही धरून होते. अरुंद गळ्यातला हवेचा कंप क्रमाक्रमाने रुंदावत नेऊन बाहेरच्या मोकळ्या हवेच्या स्वाधीन करणे, हे काम दोघांचेही एकच. या यंत्राचे जुने, दुर्मिळ नमुने जमवण्याचा छंद गेल्या काही दशकांत जपान, कोरिया, फ्रान्स आणि अमेरिका या देशांत बराच वाढला. त्याची स्तुती पुष्कळ झालेली आहे. आम्हांस येथे त्याची थोडी चिकित्सा करावयाची आहे.

संग्राहकांमध्ये अग्रपूजेचा मान बहुधा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या ‘५५५’ या ध्वनिक्षेपकास मिळतो. वेंटे आणि थुरास या दोघा अभियंत्यांनी रचलेले हे यंत्र १९२६ साली व्हिटाफोन पद्धतीच्या ध्वनिचित्रांबरोबर अमेरिकेतील चित्रगृहांत पोहोचले. आत ॲल्युमिनियमचा पातळ पडदा, त्याला जोडलेले ॲल्युमिनियमच्याच पट्टीचे वेटोळे, आणि भोवती विजेच्या प्रवाहाने जागृत होणारे चुंबक. पडद्याच्या मध्यातून व कडेतून निघालेला ध्वनी गळ्याशी एकाच वेळी पोहोचावा म्हणून समोर एक खुंटी बसवलेली. पुरवलेल्या विजेपैकी जवळजवळ निम्मी शक्ती हे यंत्र आपल्या पल्ल्याच्या मोठ्या भागात ध्वनीत उतरवी. आजच्या घरगुती ध्वनिक्षेपकांत हे प्रमाण बहुधा एक टक्क्याच्या आसपास असते. हे आकडे ऐकून संग्राहक म्हणतात, पूर्वीच्या लोकांना काही गूढ साधले होते, ते पुढे लोपले.

आमच्या मते येथेच त्यांची गफलत होते. त्या काळच्या निर्वात नळ्यांच्या ध्वनिवर्धकांतून मोजकेच वॅट निघत आणि तेवढ्यावर हजार-दोन हजार प्रेक्षकांचे सभागृह भरावयाचे असे. तेव्हा प्रत्येक वॅट जपून खर्चणे भाग होते. हा गुण गरजेतून आला. पुढे ध्वनिवर्धक बळावले आणि ती गरज सरली. १९५४ साली एडगर व्हिलचर यांच्या ‘एआर-१’ या ध्वनिक्षेपकाने बंद पेटीतील कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले आणि पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या पेटीतून खर्जाचे स्वर काढून दाखवले. त्यासाठी त्यांनी कार्यक्षमता जाणूनबुजून सोडली. लोपले काहीच नाही. एक गोष्ट देऊन दुसरी घेतली गेली. त्याही आधी, १९२५ साली, राईस आणि केलॉग यांनी कर्ण्यावाचून चालणारा कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला होता. आज घरोघरी जे ध्वनिक्षेपक आहेत ते बहुतेक त्याचेच वंशज. पण संग्राहकांच्या गप्पांत या मूळपुरुषाचे नाव क्वचितच निघते.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. ‘५५५’ हा केवळ गळा होय. त्याचे तोंड म्हणजे ‘१५ ए’ हा भला थोरला, वळवून घेतलेला लाकडी कर्णा, जो सामान्य घराच्या दारातून आतही जाणार नाही. सेकंदास ५० कंपने असलेल्या स्वराची लहर सुमारे ७ मीटर लांब असते. असा स्वर नीट बाहेर पडावयाचा तर कर्ण्याच्या मुखाचा घेरही त्याच मानाचा हवा. विज्ञानाचा हा नियम हौसेखातर बदलत नाही. एका संग्राहकाच्या दिवाणखान्यात आम्ही हे एकक एका आखूड कर्ण्यावर चढवलेले ऐकले. गायिकेचा आवाज असा आला की, ती समोर बसली आहे असे वाटावे. इतका जिवंत कंठ आम्ही यंत्रातून क्वचितच ऐकला आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु नंतर लागलेल्या धृपदात पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमार कोठेच नव्हता. यजमानांना मात्र त्याची उणीव भासली नाही. ते आम्हांस यंत्राचा अनुक्रमांक दाखवीत होते.

मग दुरुस्तीचा प्रश्न येतो. कागदी शंकू फाटतो, नंतरच्या काळातील फोमची किनार पंधरा-वीस वर्षांत भुगा होऊन गळते, ॲल्निकोचे चुंबक आघाताने किंवा अति भाराने क्षीण होऊ शकते. शंकू नवा, किनार नवी, वेटोळे नवे, आणि पाटी तेवढी जुनी अशी वस्तू अस्सल म्हणून विकली जाते. जीर्णोद्धाराला आमचा विरोध नाही, देवळांचाही होतो. पण कोणत्या साली काय बदलले याचा लेख तेथे बहुधा कोरलेला असतो. येथे तो क्वचितच मिळतो, आणि जो मिळतो तो पुष्कळदा विकणाऱ्याने लिहिलेला.

तथापि या मंडळींचे ऋण नाकारता येत नाही. चित्रगृहांनी नवी साधने बसवली तेव्हा जुनी मोडीत निघाली. त्यांतून जे वाचले ते बहुतांशी छांदिष्टांमुळे वाचले. २०२४ साली सोल येथे, केंगो कुमा यांनी रचलेल्या वास्तूत, ‘ऑडियम’ हे ध्वनियंत्रांचे संग्रहालय उघडले. तेथे ही जुनी यंत्रे प्रेक्षकांना वाजवून ऐकवली जातात. हे आम्हांस फार योग्य वाटते.

आपल्याकडे मुंबईच्या मोटवानी घराण्याच्या ‘शिकागो रेडिओ’ने स्वातंत्र्यलढ्यातील सभांना आवाज पुरवला, जुन्या छायाचित्रांत पुढाऱ्यांसमोर तीच पाटी दिसते. त्या कर्ण्यांचा शोध कोण घेतो? मध्यंतरी एका देवस्थानाच्या कोठीघरात आम्ही दोन जुने कर्णे पाहिले. एकाच्या गळ्यात गांधीलमाश्यांनी घर केले होते; दुसऱ्याचे यंत्र शाबूत होते, पण पाटीवर चुन्याचे हात बसले होते. ती खरडून नाव वाचण्याची आम्ही परवानगी मागितली. तोवर भंगारवाला काटा घेऊन दारात आला होता.